भात सोडून काय खाल्लं?

मेकाँगकाठच्या आमच्या इस्पितळात लहान मुलांच्या ऑपरेशनांची वही मी लिहितो. तिच्यातही ऋतू असतात. थंडीत शेकोटीने भाजलेली पोरं, आंब्याच्या दिवसांत झाडावरून पडलेली, आणि हर्निया बारा महिने. पेतसमोनताईंची भीतीही बारा महिने.

ताई इथल्या जुन्या नर्स. ऑपरेशनआधी मूल उपाशी आहे ना, हे विचारणं त्यांचं काम. आम्ही लाओ माणसं भेटलो की 'भात खाल्ला का?' असंच विचारतो. अकरा वर्षांपूर्वी ताईंनी एका आईला तेच विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ते खरंही होतं. पोराने केळी खाल्ली होती. भूल देताच उलटी फुफ्फुसात गेली आणि पोरगा टेबलावरच गेला. तेव्हापासून ताई यादीच म्हणतात: केळं, दूध, ऊस, अंडं. मी त्यांना 'आला बाजार' म्हणून चिडवायचो.

मंगळवारी सकाळी चार वर्षांची बुआसी हर्नियासाठी आली. तिची आजी यादीतल्या प्रत्येक नावाला मान हलवून नाही म्हणाली. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी पोचलं आणि ताई थबकल्या. पोरीच्या मनगटावर कोरे पांढरे दोरे होते.

"आजी, हे कधी बांधलेत?"

"मघाशीच. भूल दिल्यावर जीव भटकतो. त्याला परत बोलवायला नको?"

"मग रीतीप्रमाणे हातात उकडलेलं अंडंही ठेवलं असेल."

"ते जिवाला दिलं."

"आणि जिवाने कुणाच्या तोंडाने खाल्लं?"

ताईंनी पोरीची मूठ उघडली. बोटांना पिवळा बलक चिकटला होता.

ताईंनी स्ट्रेचर दारातूनच मागे वळवलं. "आज नाही," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बुआसीचं नाव मी वहीत बुधवारवर ढकललं. मी त्यांना पुन्हा कधी चिडवलं नाही.

"मी खोटं नाही बोलले," आजी फणकारली.

बुधवारी पुन्हा सगळी यादी झाली. या खेपेला उकडलेलं अंडं, कवचासकट, आजीच्याच मुठीत होतं. बुआसीला आत नेलं, दार लागलं. ताई आणि आजी बाहेरच्या बाकावर शेजारी बसल्या.

"भात खाल्लास का गं?" आजीने सवयीने विचारलं.

"आतलं पोर शुद्धीवर येईपर्यंत मी खात नाही."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

आजीने ताईंकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुझाच जीव अजून परत आला नाही." तिने अंडं ताईंच्या मुठीत ठेवलं आणि वरून आपल्या हाताने ती मूठ घट्ट धरली.

आत बुआसी शुद्धीवर येऊन रडली, तेव्हा ते अंडं दोघींच्या हातात पार चेंगरलं होतं.