दामूची टेम्पररी पाटी

किस्से जमवावे लागत नाहीत, एखादा मित्र नवी गाडी घेतो आणि ते आपोआप साचतात. डहाणूला माझ्याच कचेरीतून निवृत्त झालेल्या दामू सावेने गाडी घेतली. पिवळी, टेम्पररी नंबर प्लेट! नंबर पक्का होईपर्यंत वाहतुकीचे नियमही कच्चेच, अशी त्याची श्रद्धा.

पहिल्याच दिवशी शैलावहिनींनी गाडीची पूजा केली. पुढच्या पाटीवर झेंडूचा हार. चारोटीला पोलिसाने अडवलं.

"नंबर दिसत नाही. हार काढा."

"देवाला वाहिलाय. तुम्ही काढा, पाप तुम्हाला!"

पोलिसाने हाराला नमस्कार केला आणि मागचा नंबर बघून दंड ठोकला.

*

बोर्डीला दामूने 'नो पार्किंग'च्या फलकालाच गाडी टेकवली.

पावतीपुस्तक काढत पोलीस म्हणाला, "गाडीचा नंबर सांगा."

"पाठ नाही केला. बदलणारच आहे, उगाच डोक्याला ताप!"

*

वाणगावच्या रस्त्यावर पोलिसाने विचारलं, "सीटबेल्ट?"

"आहे की. प्लास्टिकखाली!"

सीटवरचं प्लास्टिक काढलं की गाडी जुनी होते म्हणे. पुन्हा दंड.

वहिनी भडकल्या. लायसन्स त्यांच्याकडेही होतं, पण दामू त्यांना स्टिअरिंगला हात लावू देत नसे. त्यांनी फर्मान काढलं, "यापुढे जो चालवत असताना दंड होईल, त्याने किल्ली दुसऱ्याला द्यायची!"

*

शोरूममधून फोन आला, पक्की पाटी आलीय, बसवून घ्या. दामू गेलाच नाही. टेम्पररी नंबरची मुदत संपली आणि चारोटीला तोच पोलीस भेटला. पक्की पाटी शोरूममध्ये आलीय, असं दामूनेच सांगून टाकलं.

"पाटी आली, मग लावली का नाही?"

"साहेब, पितृपक्षात नवी पाटी लावतात का?"

"नका लावू. दंडाला चालतो पितृपक्ष!"

किल्ली वहिनींच्या पर्समध्ये गेली. दामूचं जेवणात लक्ष लागेना.

*

घटस्थापनेला पाटी बसवायला तलासरीला निघालो. वहिनी चालवत होत्या, शेजारी दामू, मागे मी. प्लास्टिक वहिनींनी आधीच फाडून टाकलं होतं. चारोटीला पुन्हा तोच पोलीस! वहिनींनी शोरूमचा मेसेज दाखवला.

पोलीस म्हणाला, "आज सणाचं सोडतो. नीट जा, ताई."

वहिनींनी विजयी मुद्रेने गिअर टाकला. तेवढ्यात शेजारून 'खट्' असा आवाज आला. दामूने बेल्ट सोडला होता. काच खाली करून त्याने अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अहो साहेब! इकडे बघा, बेल्ट नाही! आणि दंडाच्या पावतीवर नाव लिहा, ड्रायव्हर सौ. शैला सावे!"