लेकीची गोळी

साठ सालानंतरची गोष्ट असेल. यवतमाळहून महागावला एसटीनं जाताना शेजारी एक शेतकरी बसला होता. मांडीवर आठ-नऊ वर्षांची लेक. ती मधेच किंचाळायची आणि स्वतःचा हात चावू लागायची. तिचा हात हळूच सोडवून तो आपलं मनगट तिच्या दातांत द्यायचा. त्याच्या मनगटावर जुने-नवे वण होते.

तो मात्र पेंगत होता. प्यायला असेल, असं वाटून मी थोडा सरकलो. त्याच्या ते लक्षात आलं.

"दारू नाही जी. लेकीची गोळी घेतली म्या."

नागपूरच्या डॉक्टरनं मुलीच्या डोक्याच्या आजारावर गोळ्या दिल्या होत्या. बायको म्हणे, या गोळ्यांनी पोर कायमची येडी होईल. गाव म्हणे, भगताकडं ने.

"मी कोनाचं आयकू? म्हटलं, आंधी आपनच खाऊन पाहू."

"मग?" मी विचारलं.

"जीभ वायली, कोरडी पडली, पाय जड झाले. पन मनातलं भेव कमी झालं."

महागावच्या अलीकडे त्यानं गोळ्यांची पुडी सोडली. मुलीनं तोंड घट्ट मिटलं. तो तिच्या कानाशी वाकला.

"तोंड वायन, झोप येइन. भेऊ नोको माय. मी तिथं जाऊन आलो."

तिनं बापाकडं बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं.

मीही दोन मुलांचा बाप होतो. लेकराच्या मागं इतक्या आतवर जाता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. उतरताना मी त्याला हात जोडले. त्याचं लक्ष नव्हतं. तो लेकीला पाणी पाजत होता.