बेटावर जायची रंगीत तालीम

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं 'साहेब', पाठ वळली की नुसतं 'शिट्टी'. हुद्दा सुरक्षा अधिकाऱ्याचा. आग लागली तर कुणी कुठून पळायचं ते ठरवायचं आणि आग लागलेली नसताना सगळ्यांना पळवून बघायचं. दर तीन महिन्यांनी त्यांच्या गळ्यातली शिट्टी वाजली, की चारशे माणसं पिठाच्या हातांनी चार मिनिटांत मागच्या मैदानात हजर. कारखान्यात खरी आग एकदाच लागली, तीही साहेबांच्याच टेबलावरच्या पंख्याला. पण ते जाऊ द्या, कशाला कुणाची उणीदुणी काढा.

माणूस मुळातच सावध. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांनी आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजले. सासरेबुवांचं धाबं दणाणलं. त्यांना वाटलं, जावई पळायच्या बेतात आहे. जावई पळाला नाही. संसार केला, दोन मुलं झाली, थोरली आता सहाची आणि धाकटा तीनचा. राहिलं ते लग्नानंतर बायकोला दिलेलं एकच वचन: लाँचने तासाभरावर असलेल्या त्या छोट्या बेटावर चार दिवस राहून यायचं.

बायको दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. दवाखाना वर्षातून एकदाच सलग चार दिवस बंद. गेल्या दोन वर्षांचे ते चार दिवस घरीच गेले, कारण साहेबांची 'तयारी पुरी झाली नव्हती'. या वर्षी तिने खोली ठरवली, तिकिटं काढली आणि जेवताना सांगून टाकलं.

"या खेपेला राहिलं, तर मी पुन्हा बेटाचं नाव काढणार नाही."

आदळआपट केली असती, तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती हे बोलली आणि धाकट्याचं तोंड पुसायला लागली.

"जाऊ की," साहेब म्हणाले. "पण आधी तालीम. घरातून निघून गाडीत बसेपर्यंत वीस मिनिटं. पास झालो तर जायचं."

"नापास झालो तर?"

"त्रुटी दूर करून पुन्हा तालीम."

"अहो, दोन पोरं आहेत आपल्याला, कामगार नाहीत."

पहिल्या तालमीत धाकट्याने घोळ घातला. त्या पोराला बूट चढवल्याशिवाय शी आठवत नसे. एकाहत्तर मिनिटं. दुसऱ्या तालमीत थोरलीची बॅग उचलेना. उघडून बघितली तर आत बागेतले दगड. "बेटावर नसले म्हणजे?" ती म्हणाली. पोरगी बापावरच गेली होती. तिसरी तालीम अगदी रंगात आली होती, पण कुलूप लावताना साहेबांना शंका आली, गॅस बंद केला का? आत गेले. बाहेर आले. खिडकी लावली का? पुन्हा आत. चौथ्या खेपेला थोरलीने घड्याळ बघून जाहीर केलं, "बाबा नापास."

त्याच आठवड्यात बायकोला कपाटात साहेबांची वही सापडली. सापडली म्हणजे, तिने शोधली. डावीकडे धोके, उजवीकडे उपाय. ऊन: टोपी. लाँचमध्ये उलटी: पिशवी, दोन नग. खेकडा चावला तर, विंचू चावला तर, माकड चावलं तर. बेटावर माकडं नव्हती, तरी उपाय तयार. एकतिसाव्या ओळीवर ती थांबली. 'धाकटा किंवा थोरली पाण्यात पडली तर. मला पोहता येत नाही.' समोरची जागा कोरी. तिथे पेन्सिलीने लिहून इतकं खोडलं होतं, की कागद विरला होता.

तिने वही जागच्या जागी ठेवली. अशी माणसं ती दवाखान्यात रोज बघायची. दाढ ठणकत असते, पण गडी दारातूनच म्हणतो, उद्या येतो. त्यांच्यासाठी तिची एक हातोटी होती. "आज काहीच करायचं नाहीये. नुसतं बसून बघा, खुर्ची कशी वाटते." एकदा बसला, की गडी डॉक्टरांचा.

तिने तीन फोन केले. पहिल्यात शनिवारची तिकिटं शुक्रवारची करून घेतली. दुसरा बेटावर. तिसरा भावाला, तो संध्याकाळी येऊन, साहेब अंघोळीला गेले असताना, भरलेल्या बॅगा उचलून घेऊन गेला.

"शुक्रवारी शेवटची तालीम करू," ती नवऱ्याला म्हणाली. "थेट बंदरापर्यंत. बॅगा नकोत, उगाच तुमची पाठ धरेल."

शेवटच्या तालमीसाठी रजा टाकणारा नवरा आणखी कुणाला मिळाला असेल, तर कळवावं. शुक्रवारी सकाळी साहेब शीळ घालत उठले. तालमीत काय व्हायचंय? बाप निवांत, म्हणून पोरंही निवांत. अठरा मिनिटांत सगळी गाडीत.

बंदरावर मेहुणा उभा. या मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"या भावोजी. मी आपला असाच आलो होतो. बॅगांशी माझा काही संबंध नाही."

"कुठल्या बॅगा?"

"आलोच आहोत," बायको घाईने म्हणाली, "तर लाँचमध्ये बसूनही बघू. मुलांना लाइफ जॅकेटं नीट बसतात का, तेही कळेल."

सूचना रास्त होती. साहेबांनी दोघांचे पट्टे आवळले, ओढून बघितले, आपलंही जॅकेट चढवलं. लाँच घुरघुरली. साहेबांनी मान डोलावली, इंजिन चांगलं आहे म्हणाले. मग त्यांना मेहुणा दिसला. तो हात हलवत होता आणि लहान लहान होत होता.

"अगं, आपण उतरायचं कुठे?"

"बेटावर."

"आणि परत?"

"सोमवारी. बॅगा तुमच्या पायाशी आहेत."

साहेबांनी खाली बघितलं. मग पाण्याकडे.

"वही वाचलीस?"

"एकतीसपर्यंत. पुढे जायची गरज पडली नाही." ती जवळ सरकली. "तिथे एक बाई लहान मुलांना पोहायला शिकवतात. कमरेएवढ्या पाण्यात. मी तिघांची नावं दिली आहेत."

"आपल्याला दोनच आहेत."

"मला माहीत आहे हो, मीच होते तिथे."

साहेबांनी तिचा हात धरला तो धरलाच. उलटीची पिशवी एकच लागली. कुणाला, ते मुलांनी अजून गुपित ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको वाळूत पाय पसरून बसली होती. समोर उथळ पाण्यात बापलेकरं ओळीने उभी, साहेब मधे. थोरली पाय मारत होती, धाकटा बुडबुडे काढत होता आणि साहेब तोंड पाण्यात घालायच्या आधी डोळे, नाक आणि श्वास, तिन्ही घट्ट बंद करून उभे होते. थोरलीने त्यांच्या पोटाखाली हात धरला. "बाबा, आडवे व्हा. मी आहे ना." साहेब आडवे झाले. तीन आकडे मोजेपर्यंत तरंगलेही.

शिकवणाऱ्या बाई केस पिळत वाळूवर आल्या.

"तिघंही शिकतील," त्या म्हणाल्या. "तुमचा मधला तेवढा जरा भित्रा आहे."

"होईल हळूहळू," बायको म्हणाली आणि डोळे मिटून आडवी झाली. "थोरली आहे त्याला सांभाळायला."