मैदानात खड्डा नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. परवा आमच्या नगरपालिकेच्या स्टेडियमवर क्लबनं माझा सत्कार केला. निवेदक म्हणाला, 'अन्यायाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या आपल्या पहिल्या कर्णधार!' टाळ्या वाजल्या. मला ती शाल फाडून टाकावीशी वाटली. कसला अन्याय? कुणी केला?

स्टेडियम म्हणजे काय, सिमेंटच्या चार पायऱ्या आणि पलीकडं ऊस. मुलींच्या फुटबॉल संघाची मी कर्णधार, बचावाला. पुढं वैशाली — निरवांगीहून एसटीनं यायची. माणसं जमायची ती तिचा खेळ बघायला. माझा नाही. जिल्ह्याच्या निवडीला आमच्यातली एकच जाणार हे कळलं आणि — रागाच्या भरात झालं, असं म्हणू? नाही. मी ठरवून केलं.

सरावात ती मला चुकवून पुढं गेली. मी मागून घसरत गेले आणि तिच्या घोट्यावर बूट घातला. चेंडू तर केव्हाच लांब गेला होता. ती किंचाळली. बाकीच्या धावत येईपर्यंत माझ्या तोंडून निघालं होतं, "खड्डा! खड्ड्यात पाय गेला तिचा!"

सगळ्यांना पटलं. आदल्या आठवड्यात तिथं सभेचा मांडव होता. खांबांचे खड्डे तात्यांनी बुजवले होते. तात्या मैदानाची राखण करायचे. घरची मेंढरं गेल्यावर या कामाला लागलेले. आम्हाला पोरी म्हणायचे.

मी गप्प बसले का? छे! पोरी गोळा करून मोर्चा नेला मी. पालिकेच्या दारात घसा फोडून ओरडले. तिथं तात्या माझ्याजवळ आले.

"पोरी, मी समदं चोपून दाबलं हुतं. खरंच खड्डा हुता का तितं?"

"हुता, तात्या. तुमच्यामुळं तिचा पाय गेला."

सगळ्यांदेखत म्हणाले मी. वर त्यांच्या डोळ्यांत बघून! त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं.

निवडीला मी गेले. पहिल्याच दिवशी परत पाठवलं. वैशालीचा घोटा नीट बसलाच नाही, ती पुन्हा खेळली नाही. आता ती बारामतीला असते, लंगडते. मला अजून फोन करते, मैत्रीण म्हणते. लोक मला धीट म्हणतात. धीट! माझी चीड येते मला — आणि ती चीडसुद्धा मी घरात भांड्यांवर काढते.

गेल्या वर्षी तात्या वारले, कळस गावी, लेकीकडं. मी गेले. वैशालीही आली होती, पण अंगणाबाहेरच थांबली. तात्यांची बायको तिच्याकडं बघत होती. वैशालीनं तोंड फिरवलं.

"म्हाताऱ्यानं माझा खेळ संपवला," माझ्या कानाशी म्हणाली. "मेल्यावरबी माफ करवत न्हाय गं. चुकतं का माझं?"

मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "न्हाय."