फळ्यावरचं अक्षर तेवढं माझं

हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर वाटतं, माझ्या पोटातलं सगळं तिला कळतं. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका. ओळखीच्या तोंडाकडे बघत हे बोलणं मला कधी जमलं नाही, एवढंच.

मी ग्रंथपाल आहे. माहेर वाईचं, नोकरी विट्याजवळच्या एका गावातल्या वाचनालयात, एकवीस वर्षं. आमच्या दारात एक फळा आहे. त्यावर दर शुक्रवारी मी खडूनं लिहिते — या आठवड्यात मजेत काय वाचाल? तो फळा आमच्या भागात बराच गाजला. लोक फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात. सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात राहणारी आमच्याकडची कुटुंबं यात्रेला गावी आली, की फळ्यावरचीच पुस्तकं मागतात. "बाई काय लिहितात हो!" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ऐकून मान खाली घातलीय, कारण अशा वेळी ती घालायची असते.

आधी लहान गोष्ट सांगून टाकते. मी वाचत नाही. पूर्वी वाचायचे — अधाशासारखी वाचायचे. मग अनुदानाचे कागद, तपासण्या, घरचं, आणि खरं सांगायचं तर हातातला फोन. आता कादंबरीच्या बाराव्या पानावर माझा डोळा लागतो. याची लाज वाटते, पण ही लाज हसण्यावारी नेता येते. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

मग फळ्यावरचं यायचं कुठून?

शालनकडून. शालन म्हणजे शेजारच्या वाडीतली, शेतकऱ्याच्या घरची सून. नवरा फौजेत. गुरुवारी बाजाराला यायची, भाजीच्या पिशवीत तळाशी पुस्तक घालून — घरात पुस्तक हातात दिसलं की सासू काम काढते, म्हणून. माझ्या टेबलाशी उभी राहून आधीच्या पुस्तकाचं सांगायची. एका विनोदी पुस्तकाबद्दल म्हणाली, "आवं बाई, ह्ये चुलीम्होरं वाचू नगा. हसता हसता दूद उतू जातंय." एका जाडजूड कादंबरीबद्दल म्हणाली, "पयली चाळीस पानं सासर हाय. सोसायचं. फुडं समदं म्हायेर."

ती गेली, की मी ते शुद्ध करायचे आणि फळ्यावर उतरवायचे. पहिली चाळीस पानं सासरची, पुढं सगळं माहेर. ती कादंबरी तीन वर्षं कपाटात पडून होती. त्या महिन्यात तिच्यासाठी नंबर लागले. खाली शालनचं नाव? ते कुणी विचारलं नाही, मी घातलं नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणी अर्थासकट पाठ केली होती.

इथवरही थांबता आलं असतं. नाही का?

गेल्या वर्षी कार्यकारिणीनं ठरवलं, गुरुवारी दुपारी बायकांसाठी वाचनकट्टा सुरू करायचा. पुस्तकं सुचवायची, गप्पा मारायच्या — आणि हे चालवायला कुणीतरी बाई हवी. शालनच्या कानावर ते गेलं. त्या गुरुवारी तिनं पुस्तकाचं काही सांगितलंच नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली, बोटांना मेथीचे हिरवे डाग. "बाई, तुमी येक शबुद टाका. वाचनालयाचं पत्र आलं तर सासरं न्हाई म्हनायचं न्हाईत. आटवड्यातनं येक दीस चार बायकांत बोलायला मिळंल मला."

मी हो म्हणाले.

बैठकीत इच्छुकांच्या यादीत तिचं नाव आलं, तेव्हा अध्यक्षांनी तिच्याबद्दल मला विचारलं. त्यांची काही हरकत नव्हती — हे नीट ऐका, हरकत कुणाचीच नव्हती. मी म्हणाले, बाई चांगली आहे, पण भाषा अगदीच अशुद्ध. कट्ट्याची शोभा जाईल. सावकाश म्हणाले, एकेक अक्षर नीट उच्चारून. घरी स्वतः 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणणाऱ्या दोघांनी माना डोलावल्या. तिचं नाव खोडलं गेलं.

भाषेच्या काळजीनं बोलले का मी? कसली काळजी! तिच्या भाषेवर तर मी जगत होते. भीती एकच होती — शालन चार बायकांपुढं दहा मिनिटं जरी बोलली असती, तरी ऐकणारीला कळलं असतं की फळ्यावर इतकी वर्षं कोण बोलतंय. चोराच्या मनात चांदणं. माझी चोरी झाकायला मी तिचं तोंड बंद केलं.

तिला सांगितलं, मी खूप भांडले, अध्यक्षांनी ऐकलं नाही. तर ती माझीच समजूत घालायला लागली — "आसू द्या बाई. माज्यापायी तुमी वाईट झाला आसाल." मी तिला थांबवलं नाही. कट्टा आता मीच चालवते. तिथंही तिचीच वाक्यं बोलते.

ती अजून येते, पण दुपारी कट्टा भरायच्या आत तिला घरी परतावं लागतं. परवाच्या गुरुवारी निघताना फळ्यापाशी थांबली. वर तिचंच आधीच्या आठवड्याचं बोलणं होतं, माझ्या शुद्ध भाषेत. तिनं ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मला वाटलं, संपलं, कळलं हिला. आणि — हेही सांगते — क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

ती वळली. "किती झ्याक लिवता वो बाई," म्हणाली. "मला आसं बोलाय आलं आसतं, तर घेतलं आसतं त्यांनी."

मी म्हणाले, "येईल हळूहळू."