खिडकीतून सांगितलेली छाटणी

दसरा झाला, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात ताईची पहिली केमो झाली. मी मनमाडहून बॅग भरून तिच्याकडे नाशिकला राहायला आले. ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या तिन्ही बाजूंनी बाग केली. गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती. त्या बागेत मला कधी तिने पाणीसुद्धा घालू दिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मातीला हात लावायचा नाही. कुंड्या घरात नकोत, ताजी फुलंही नकोत. अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा मातीतली साधी बुरशीही महागात पडते."

ताईने विचारलं, "मग गुलाबांची छाटणी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं, पण तिच्या नजरेत विश्वास नव्हता.

पंधरा-वीस दिवसांनी छाटणीची वेळ आली, तशी ती बंद खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि मी कात्री घेऊन बाहेर उभी राहिले. काचेतून आवाज नीट येईना, म्हणून तिने फोन लावला. मी फोन खांद्याने कानाशी धरून छाटत होते.

"बाहेरच्या बाजूचा डोळा बघ. त्याच्या जरा वर, तिरकं काप. अगं वर, इतकं वर नाही!"

"ताई, ओरडू नकोस. काट्यांनी हात फाटलेत माझे."

"फाटू देत. आतल्या फांद्या काढ. मधे हवा खेळली पाहिजे."

संध्याकाळी गुलाबांची नुसती खुंटं उरली. बुरशी लागू नये म्हणून कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावून मी आत आले, तर ताईने डोक्यावरून हात फिरवला आणि मूठभर केस माझ्यासमोर धरले. मी केर काढते तसा तो गुंता उचलून टाकला.

थंडीत गुलाब फुटले, शेवंती फुलली. फुलं मी बाहेरच ठेवायची, फोटो काढून आत दाखवायची. ताई फोटो मोठा करून करून बघायची आणि म्हणायची, "खालची पानं पिवळी पडलीत. पाणी जास्त होतंय." छान जमलंय असं ती एकदाही म्हणाली नाही. मला राग यायचा. आजारी माणसावर रागावता येत नाही, म्हणून मी भांडी आपटायचे.

शेवंतीचा बहर ओसरला तेव्हाची गोष्ट. मी भाजी घेऊन आले तर दार उघडं. ताई अंगणात उकिडवी बसली होती. शेवंतीची कुंडी उपडी केलेली, आणि नवी रोपं करायला मुळाशी फुटलेल्या कोवळ्या काश्या ती एकेक करून सोडवत होती. हातात मोजे नव्हते. कोपरापर्यंत माती.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "वेड लागलंय का तुला? मरायचंय?"

तिने वर पाहिलं. भुवया नसलेला तो चेहरा मला अजून ओळखीचा झाला नव्हता. "काचेतून बघायचा कंटाळा आलाय गं," ती म्हणाली. "एवढंच करते. तू मुळं तोडशील."

मी तिला दंडाला धरून उठवलं, नळाखाली हात धुतले, नखांतली माती काडीने काढली. ती लहान मुलीसारखी हात पुढे करून उभी होती.

त्याच आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. मातीमुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही. कशामुळेही असू शकतं," ते म्हणाले. त्या उत्तराने ना तिच्यावर रागावता आलं, ना तिला माफ करता आलं. ताप उतरेना तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून नवऱ्याला फोन केला आणि नुसती रडले.

ताप उतरला त्या सकाळी ताईचा पहिला प्रश्न होता, "काश्या लावल्यास?"

"लावल्या," मी म्हटलं. खरंच लावल्या होत्या. अर्ध्या लागल्या, अर्ध्या सडल्या.

घरी आल्यावर ती खिडकीशी कमी बसू लागली. तरी मोगऱ्याचं तिनेच सांगितलं. पाणी तोड, पानं गळू दे, मग छाट, खत घाल, मग पाणी सुरू कर. मी तसंच केलं. ऊन तापलं आणि मोगरा असा फुलला की फाटकाशी थांबून लोक विचारायचे. तोवर शेवटची केमो झाली होती. डॉक्टरांनी फुलांना परवानगी दिली, तशी मी ओंजळभर कळ्या आत नेल्या.

ताईने वास घेतला आणि मोरीकडे धावली. उलटी थांबली तेव्हा भिंतीला टेकून म्हणाली, "औषधासारखा वास येतोय. सगळ्या खुडून टाक. एक ठेवू नकोस."

त्यानंतर रोज सकाळी, ती उठायच्या आत, मी कळ्या खुडून शेजारी देऊन यायचे.

तपासण्या झाल्या. सध्या काही दिसत नाही, दर तीन महिन्यांनी यायचं, असं डॉक्टर म्हणाले. मातीत हात घालायला हरकत नाही, फक्त मोजे घाला. मी त्याच दिवशी मोजे आणले. ताईने ते घालून पाहिले, काढले आणि टेबलावर ठेवले.

"तूच कर. तुझा हात बसलाय आता."

परवा शेवंतीचे शेंडे खुडायचे होते. मी तिला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. एका रोपाचे शेंडे मुद्दाम फार खालून तोडले, अगदी तिच्यासमोर. ती पाहत होती. डोक्यावर आखूड करडे केस आलेत तिच्या, वाऱ्याने ते हलत होते.

"ताई, बरोबर आहे ना गं?"

"असेल," ती म्हणाली, आणि आत जायचंय म्हणून तिने हात पुढे केला.