भावाच्या छातीचं मी सांगितलंच नाही

माझा धाकटा भाऊ जाऊन आता पाच महिने झाले. चौतीस वर्षांचा होता. जुने सोफे उसवून नवे करायचा. दम्याने गेला.

लोक भेटायला आले ते म्हणाले, फार शांत माणूस हो. शांत कसला! तोंडात खिळे असायचे म्हणून गप्प. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? तर गालात. पंधरा-वीस बारीक खिळे गालात धरायचा, जिभेने एकेक पुढे आणायचा, ओठातून हातोडीच्या टोकाच्या लोहचुंबकाला चिकटवायचा आणि ठोक. दुकानात सगळे त्याला मुका म्हणायचे. घरी आला की मात्र टकळी सुरू. सोफ्यांच्या पोटातून काय काय निघायचं ते सांगायचा. कंगवे, बटणं, पत्ते. एकदा कवळी निघाली. ज्यांचा सोफा त्या बाई म्हणाल्या, आमच्यात कोणाची नाही ही. हा म्हणाला, मग बाई, सोफ्यानेच बसवून घेतली असेल.

लहानपणी फार सोसलं त्याने. चार महिन्यांचा झाला आणि गाल लालभडक झाले, पाणी सुटायचं. मग कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे. खाजवून खाजवून रक्त काढायचा. आई त्याच्या हातांना वडिलांचे मोजे बांधून ठेवायची. अंड्याचा एवढासा घास पोटात गेला तर ओठ सुजून हे एवढे. आई लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची, वडील ट्रकवर, म्हणून तो माझ्याच कडेवर. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी.

तो तीन वर्षांचा असताना मीच त्याला दवाखान्यात नेला. आईला सुट्टी मिळाली नव्हती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. मला खुर्चीवर बसवलं, मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोलल्या. म्हणाल्या, "आईला दोन गोष्टी सांग हं बाळा. एक, वय वाढेल तसं हे अंगावरचं बहुतेक कमी होईल. दुसरी, अशा मुलांना पुढे दम्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही. पण छातीत घरघर वाजली, सारखा खोकला राहिला, पळून आल्यावर धाप थांबेना, तर वाट बघायची नाही. लगेच आणायचं. राहील ना लक्षात?"

राहील म्हटलं. वाटेत घोकत आले.

आई दारातच बसली होती. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले. म्हणाली, "काय गं, काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "वय वाढलं की जाईल म्हणाल्या."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्याला जवळ ओढून म्हणाली, "ऐकलंस का रे माकडा, जाणार म्हणे तुझं!" तिचं ते तोंड बघून दुसरी गोष्ट माझ्या घशातच राहिली. म्हटलं उद्या सांगू. तो उद्या काही आला नाही. मग मीही विसरले. अकरा वर्षांच्या पोरीला विसरायला किती वेळ लागतो?

पाच वर्षांचा झाला आणि अंग खरंच साफ झालं. अंडंही पचायला लागलं. आई गल्लीभर सांगत फिरली, गेलं एकदाचं. नंतर दर थंडीत तो खोकायचा. खेळून आला की खांदे वर-खाली करत भिंतीला टेकायचा. आम्ही म्हणायचो, थंडी बाधते त्याला, नाजूक आहे. माझ्या शेजारी झोपायचा, त्याच्या छातीतली शिट्टी मला ऐकू यायची. मी कूस बदलायचे.

अठराव्या वर्षी सोफ्याच्या कामाला लागला. त्या कामात धूळ किती असते ते आत जाऊन बघा. वीस वीस वर्षांची धूळ, केस, कुजका कापूस, सगळं एकदम तोंडावर. मालकाने मास्क दिला होता, नाही असं नाही. पण खिळे तोंडात घ्यायचे तर मास्क खाली ओढावाच लागतो. मी कितीदा भांडले. तो म्हणायचा, "ताई, मास्क घालू का खिळे धरू? देवाने तोंड एकच दिलंय."

सत्ताविसाव्या वर्षी एकदा ओठ निळे पडले तेव्हा कुठे निदान झालं. दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, एक धाप लागली तर. रोजचा तो दोन महिने घ्यायचा आणि सोडायचा. "बरं वाटतंय गं. पोट भरल्यावर कोणी जेवतं का?" आणि मी हसले त्यावर. मला त्याच्या बोलण्याचं नेहमीच हसू यायचं.

तो गेला त्या सोमवारी दुपारी दुकानात एका बंद घरातला सोफा आला. त्याने पाठ उसवली. मालक सांगत होते, दोनदा खोकला, मग हात वर केला. आधी गालातले खिळे हातावर काढले, डबीत टाकले, झाकण लावलं, मग खाली बसला. पंप ओढत राहिला. रिक्षात माझं नाव घेत होता म्हणे. दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नाही.

त्याची मुलगी सव्वा वर्षाची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गालांवर उमटलं. तेच लाल, तेच ओलं. मग कोपरांच्या आत.

भावजय पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "वन्सं, यांनाही असंच होतं ना हो? आणि गेलं ना आपोआप? आई सांगायच्या, पाच वर्षांत गेलं म्हणून."

आई आता नाही, म्हणून मला विचारत होती. नुसतं हो म्हण, एवढंच मागत होती. नवरा गेलेली बाई, तीन दिवस धड जेवलेली नाही. हो म्हटलं असतं तर ती पण हसली असती.

मी म्हटलं, "अंगावरचं गेलं. उठ, चप्पल घाल, डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. भावाचे गाल, अंडं, खोकला, दमा, सोफे. ते म्हणाले, हिला होईलच असं धरून बसू नका, पुष्कळ मुलांना होत नाही. पण घरात दमा आहे, अंगावर हे आहे, तेव्हा लक्ष ठेवायचं. रोज मलम, घरात कोणी विडी-सिगरेट ओढायची नाही, आणि घरघर वाजली की लगेच यायचं. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. मग भावजयीला म्हटलं, आता तू म्हणून दाखव. तिने म्हणून दाखवलं. तिला काही कळेना मी अशी का करतेय.

रस्त्यात तिने विचारलं, "हे लक्ष ठेवायचं यांच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"कोणाला?"

"मला."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तो तीन वर्षांचा होता तिथपासून मी सगळं सांगितलं, मधे लोक धक्के मारून जात होते. तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढे चालायला लागली. मी मागे मागे.

घराच्या दारात तिने मला आत या म्हटलं नाही. कडी काढली, आत गेली. मग आतूनच म्हणाली, "मलम लावताना फार हातपाय झाडते. मला एकटीला धरवत नाही. सकाळी सातला या."

मी सातला जाते. मी हात धरते, ती मलम लावते. पोर रडते तेवढंच. आम्ही दोघी बोलत नाही.